निष्क्रांत कोण?

‘गरम हवा’मधली दादी लाकडं ठेवायच्या कोठीत जाऊन लपते, तिथून सुरुवात करते. कारण पहिल्यांदा हा सिनेमा बघितला तेव्हा मी त्या प्रसंगाला हसले होते. कॉलेजात होते. आमच्या सरांनी फिल्म सोसायटीतर्फे पडदा लावून दाखवला होता, आणि पांढऱ्या केसांची ती म्हातारी सामानाच्या गाड्या भरून झाल्यावर कुठं दिसेना, सगळे शोधायला लागले आणि ती निघाली कोठीत, तेव्हा आम्ही मुली खुसखुसलो. आता पन्नाशी ओलांडल्यावर सूनबाईच्या लॅपटॉपवर पुन्हा बघितला. या खेपेला हसू आलं नाही. तिला उचलून बाहेर काढतात तेव्हा मी पदर तोंडाला लावून बसले होते. सूनबाई म्हणाली, “आई, बंद करू का?” म्हटलं, राहू दे.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एम. एस. सथ्यू यांनी १९७३ साली केलेला हा सिनेमा. सथ्यू मूळचे म्हैसूरचे, आपल्या बाजूचेच म्हणायचे. इस्मत चुगताईंच्या एका अप्रकाशित कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी पटकथा लिहिली. सेन्सॉरकडे बरेच महिने अडकून पडला, आणि मग त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला! आग्र्याचं एक मुसलमान कुटुंब. फाळणी झालेली, गांधीजींचा खून झालेला. धाकटा भाऊ सलीम मिर्झा बुटांचा कारखाना चालवतो, त्याला आग्रा सोडायचं नाही. थोरला हलीम पुढारी. मी इथंच राहणार म्हणून चार लोकांत सांगतो आणि एक दिवस बायको-मुलाला घेऊन गुपचूप पाकिस्तानात निघून जातो. पिढीजात हवेली त्याच्या नावावर. तो गेला म्हणून हवेली सरकारजमा. जे गेले नाहीत, म्हणजे सलीम, त्याची बायको जमीला, मुलं, मुलगी अमीना आणि म्हातारी आई, ते रस्त्यावर. हवेली सिंधहून आलेल्या अजमानी नावाच्या व्यापाऱ्याला मिळते.

या सिनेमावर पुष्कळ लिहिलं गेलंय. बलराज साहनींच्या कामाबद्दल तर प्रत्येकानं लिहिलंय, आणि ते खरंच आहे. त्यांचं ते शेवटचं मोठं काम. डबिंग संपवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. पण मला लिहायचंय ते घराबद्दल. फाळणीचा सिनेमा म्हणून लोक याच्याकडे बघतात. मला तो घर कोणाच्या नावावर आहे याचा सिनेमा वाटतो. त्यात तलवार नाही, रक्तानं भरलेली रेल्वे नाही. आहेत ते कागद, नोटिसा, भाड्याच्या खोल्या आणि कर्ज न देणारे सावकार.

हवेली ज्या कायद्याखाली गेली त्याचं इंग्रजी नाव आपण सगळ्यांनी कुठंतरी ऐकलेलं असतं, इव्हॅक्यूई प्रॉपर्टी. सरकारी मराठीत त्याला ‘निष्क्रांत मालमत्ता’ म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकले. अहो, हा तर आपला शब्द! पंचकल्याणकात आपण तीर्थंकरांचं जे दीक्षा कल्याणक करतो, त्यालाच निष्क्रमण कल्याणक म्हणतात. राज्य, महाल, दागिने, सगळं वाटून टाकून भगवान पालखीत बसतात आणि वनाकडे निघतात. मांडवातल्या बायका त्या वेळी रडतात. दरवर्षी तेच दृश्य, तरी रडतात. निष्क्रांत म्हणजे जो आपण होऊन बाहेर पडला तो. आदिनाथांनी जाण्याआधी भरताला अयोध्या दिली, बाहुबलीला पोदनपूर दिलं. सोडायला हातात काही असावं लागतं, आणि सोडायचं कधी, कोणासाठी, हे ज्याचं त्यानं ठरवावं लागतं.

कायद्यातला निष्क्रांत वेगळा. १९५० च्या कायद्याप्रमाणे १ मार्च १९४७ नंतर, दोन देश झाल्यामुळे किंवा दंगलीमुळे वा तिच्या भीतीनं, जो भारत सोडून गेला तो निष्क्रांत. त्याची मालमत्ता कस्टोडियन नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात. त्याच्याही आधी, १९४९ च्या वटहुकमात, आणखी एक प्रकार होता: जो अजून गेलेला नाही पण ज्याचा जाण्याचा बेत आहे असा माणूस. बेत! म्हणजे तुमच्या मनात काय चाललंय ते सरकार ठरवणार. हा प्रकार पुढं काही वर्षांनी काढून टाकला. पण सलीम मिर्झाचं सगळं आयुष्य त्याच एका शब्दाखाली चिरडलंय असं मला वाटतं. तो कर्ज मागायला जातो, तर तुम्ही लोक कधी पळाल काय सांगावं म्हणून कर्ज मिळत नाही. कर्ज नाही म्हणून कारखाना बसतो. धंदा बसला म्हणून थोरला मुलगा बायकोपोराला घेऊन पाकिस्तानात जातो. आणि तो गेला की लोक म्हणायला मोकळे, बघा, म्हणालो नव्हतो? जो माणूस पहिल्यापासून राहतो म्हणतोय त्याला प्रत्येकजण विचारतो, तुमचं कधी?

एका देशाचे दोन झाले, राज्य बदललं, झेंडा बदलला. असल्या वेळी थोड्या संख्येनं असलेल्यांनी आपण कुठले हे स्वतः ठरवावं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. सलीमनं तर ठरवलं होतं. पण त्याच्या वतीनं आधी थोरल्या भावानं ठरवलं, मग सरकारनं, मग सावकारानं, मग घरमालकांनी.

आता घराच्या नावाचं बघू. हलीम गेला तर सलीमचा आणि आईचा वाटा का जावा? मी हे आमच्या ह्यांना विचारलं, ते वकिली न केलेले वकील आहेत. त्यांनी सांगितलं की अशा सामायिक मालमत्तेसाठी १९५१ साली वेगळा कायदा झाला होता. गेलेल्याचा हिस्सा आणि राहिलेल्यांचा हिस्सा वेगळा करायचा, राहिलेल्यांचा त्यांना द्यायचा. चांगला कायदा. पण हवेलीचा कागद एकट्या हलीमच्या नावाचा. वेगळं करायला कागदावर दुसरं नावच नाही. भाऊभाऊ एकत्र राहिले, एका चुलीवर जेवले, सलीमनं कधी विचारलंही नसेल, दादा, माझं नाव लावलंस का? असलं विचारणं आपल्याकडे वाईट दिसतं. आणि आईचा तर प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नाही. मुसलमानांत विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत ठरलेला वाटा असतो, मुलींनाही असतो. सलीमच्या आईचा आणि बहिणीचा वाटा कुठं गेला? सिनेमा हे विचारत नाही. दादी मात्र कोठीत बसून विचारते. तिच्याजवळ कागद नाही, म्हणून ती स्वतःलाच पुरावा म्हणून तिथं ठेवते.

हे लिहिताना मला माझी सही आठवते. आप्पा गेल्यावर तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी भावानं कागद पुढं केले. हक्कसोड पत्र. आम्ही तिघी बहिणी, तिघींनी सह्या केल्या, एकेक इरकली साडी घेतली आणि बसला बसलो. कोणी जबरदस्ती केली नाही. भाऊ चांगला आहे, दिवाळीला, नागपंचमीला बोलावतो. वाचणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकांनी अशी सही केली असेल, म्हणून सांगते. त्याला आम्ही त्याग म्हणत होतो. खरं तर आम्हाला विचारलंच गेलं नव्हतं, फक्त सही कुठं करायची ते दाखवलं होतं. माझ्या माहेरावर उद्या काही संकट आलं, भाऊ कुठं निघून गेला, तर त्या घराच्या उताऱ्यावर माझं नाव सापडणार नाही.

माझी एक मैत्रीण लग्न होऊन मडगावला गेली. तिला ही हकिकत सांगितली तर ती म्हणाली, आमच्याकडे असं चालत नाही हो. गोव्यात पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा हिस्सा, आणि तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, सत्ता बदलली, पण हा कायदा ठेवला. तिथंही निघून गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी १९६४ साली निष्क्रांत मालमत्तेचा कायदा झाला, तो भाग वेगळा. पण राज्य बदललं तरी बाईचं निम्मं घर कागदावर राहिलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. आग्र्याच्या दादीच्या नशिबी असला कागद नव्हता.

सिनेमातला सगळ्यात भेदक प्रसंग मला विचाराल तर नकाशाचा. पाकिस्तानात गेलेल्या भावाला तिकडं भरपाईचा दावा करायचाय, त्यासाठी हवेलीचा नकाशा हवा. सलीम तो पाठवतो. आणि हेर म्हणून पकडला जातो! स्वतःच्या आजोबा-पणजोबांच्या घराचा नकाशा, खोल्या किती, जिना कुठं, आणि तो झाला देशाचं गुपित. पुढं तो सुटतो, पण गल्लीतली माणसं तोंड फिरवतात. इथं सथ्यूंनी एकही जोरकस संवाद वापरलेला नाही. साहनी नुसते चालत घरी येतात. दोन्ही देशांनी एकच हिशेब मांडला होता: तिकडून आलेल्यांना इकडून गेलेल्यांचं द्यायचं. हिशेब म्हणून वाईट नाही. लाखो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती, त्यांना कुठं ठेवायचं? फक्त त्या वहीत ‘गेला नाही’ अशा माणसासाठी रकाना नव्हता.

म्हणून अजमानीला खलनायक केलं नाही हे सथ्यूंचं मोठेपण. ए. के. हनगल यांनी तो केलाय. ते स्वतः कराचीहून आलेले. साहनींचं घर रावळपिंडीचं. म्हणजे एका प्रसंगात समोरासमोर बसलेली ही दोन्ही माणसं खऱ्या आयुष्यात घरं मागे सोडून आलेली. अजमानी सलीमशी अदबीनं वागतो. त्यालाही माहीत आहे की सिंधमध्ये त्याच्या घरात आज दुसरंच कोणी स्वयंपाक करत असेल.

आणि आपल्यालाही हे माहीत असायला हवं. आपण दक्षिणेतले, फाळणी आपल्याला पुस्तकातून कळली. पण गुजरानवालाचे जैन? तिथं मोठा श्वेतांबर संघ होता, आत्मारामजी महाराजांची समाधी होती. १९४७ च्या चातुर्मासात आचार्य विजयवल्लभसूरी तिथंच होते. संघाला सोडून मी एकटा निघणार नाही म्हणून थांबले आणि सप्टेंबरात सगळ्यांना घेऊन सरहद्द ओलांडून आले. त्या माणसांची घरं, दुकानं, मंदिरं तिकडच्या कायद्यात निष्क्रांतांचीच झाली. लाहोरात एका चौकाला लोक अजून जैन मंदिर म्हणतात. मंदिर १९९२ च्या डिसेंबरात, अयोध्येच्या घटनेनंतर, पाडलं गेलं. नाव तोंडात राहिलं. मला हे कळल्यापासून सलीम मिर्झाची गोष्ट ‘त्यांची’ म्हणून बघता येत नाही. तिकडं आपण तेच होतो.

सलीम घर शोधत फिरतो तो भाग मात्र मी दुसऱ्यांदा बघताना पुढं सरकवला. कारण सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. एक नर्सबाई आल्या, बरोबर त्यांची आई. जागा आवडली. मी चहा ठेवला. मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर मी चहात साखर घालायला आत गेले, आणि बाहेर येऊन म्हटलं, अहो, सांगायचं राहिलं, ह्यांचा भाचा यायचाय, जागा त्याला द्यायची आहे. त्या बाईंना कळलं. सवयीचं असावं. उठता उठता म्हणाल्या, “काकू, मी वर काही शिजवणार नव्हते. डबा लावते मी.” म्हणजे मी जे कारण मनात तयार ठेवलं होतं, अहिंसेचं, स्वयंपाकघराच्या सोवळ्याचं, ते तिनं काढूनच घेतलं. तरी मी खोली दिली नाही. त्यांच्या आईनं चहा पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवू का म्हणून विचारलं. भाचा काही आला नाही. खोल्या चार महिने रिकाम्या होत्या.

खासगी मालमत्ता माझी, भाड्यानं कोणाला द्यायची तो माझा हक्क, हे मी तेव्हा ह्यांना म्हटलं होतं. ते काही बोलले नाहीत. कायद्यानं माझं बरोबरच असेल. पण सलीम ज्या ज्या दारातून परत फिरतो, त्या दाराच्या आतल्या माणसांचंही हेच म्हणणं असणार.

आता सिनेमाच्या दोषांकडे. एक, अमीना. चुलतभावाशी लग्न ठरलेलं, तो पाकिस्तानात गेला. तिच्याशी लग्न करायला चोरून परत आला तर कागद नाहीत म्हणून पोलिसांनी नेला. नंतर आतेभाऊ शमशाद. तोही गेला, परतला नाही. शेवटी ती लग्नाचा जोडा घालून जीव देते. गीता सिद्धार्थनं काम सुरेख केलंय, पण लेखकांनी अमीनाला निर्णय म्हणून एवढा एकच दिलाय, आणि तो मरणाचा. घरातल्या बाकी प्रत्येकाला राहायचं की जायचं असा प्रश्न पडतो. तिला कोणी विचारतच नाही. जमीलाचंही तेच. शौकत आझमी सगळा सिनेमाभर कुरकुरत, भांडत, चूल सांभाळत राहतात आणि त्यांचं म्हणणं खरंच काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरा दोष शेवटाचा. सलीमही अखेर हरतो, टांग्यात सामान घालून स्टेशनला निघतो. वाटेत बेकारांचा मोर्चा लागतो, धाकटा सिकंदर त्यात उतरतो, मग सलीम टांगेवाल्याला बायकोला घरी न्यायला सांगून स्वतःही मोर्चात शिरतो. कॉलेजात आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता मी त्या टांग्याकडे बघत होते. परत निघालेल्या. एकटीच. जायचं ठरलं तेव्हा तिला विचारलं नाही, राहायचं ठरलं तेव्हाही नाही. सथ्यूंची आणि कैफींची श्रद्धा मोर्चावर होती, ती खरी होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भाड्याच्या घराचं पुढं काय झालं, कर्ज मिळालं का, कारखाना उघडला का, हे मोर्चानं सुटलेलं नाही.

आणि कागद तर सुटलेले नाहीतच. १९६८ साली शत्रू मालमत्तेचा कायदा आला. महमूदाबादच्या राजेसाहेबांची गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. राजेसाहेब १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिक झाले, पण राणीसाहेब आणि मुलगा भारतातच राहिले, भारताचेच नागरिक. मुलगा वर्षानुवर्षं कोर्टात लढला, २००५ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला. मग २०१७ साली कायदाच बदलला: असल्या मालमत्तेला वारसाहक्क लागू नाही, वारस भारतीय असला तरी. तो राजा होता, वकील लावू शकला. माझ्या मनात आलं ते राणीसाहेबांचं. नवरा एका देशाचा, आपण दुसऱ्या देशाच्या, आणि घर शत्रूचं.

आमच्या बेळगावात लोक सीमा सरकली म्हणून बोलतात, १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही जागचे हललो नाही आणि राज्य बदललं म्हणतात. त्याचं दुःख आहेच. पण उतारा कन्नडात आला तरी घर आमचंच राहिलं. ही तुलना मी करणार नाही.

बाहुबलींची गोष्ट आजी सांगायची ती या निमित्तानं पुन्हा आठवली. भरत चक्रवर्ती झाला, सगळी पृथ्वी त्याची. बाहुबली म्हणाले, पोदनपूर मला वडिलांनी दिलंय, तुझ्यापुढं वाकायचं कारण नाही. युद्ध जिंकले आणि जिंकल्यावर सोडून दिलं. तरी वर्षभर उभे राहून केवलज्ञान होईना, कारण मनात एक सल होता: मी उभा आहे ती जमीन भरताची आहे. आजी इथं थांबायची आणि म्हणायची, बघ, एवढ्या मोठ्या माणसाला पण दोन पावलांच्या जागेचं लागलं होतं. मग दादीनं हवेलीचा मोह धरला तर मी तिला परिग्रही म्हणू का? आमच्या एका स्वाध्याय मंडळात हा सिनेमा मी सांगितला तेव्हा एक ताई म्हणाल्या, म्हातारीनं शेवटी घराचा जीव धरायला नको होता, गती बिघडते. मी गप्प बसले. मला म्हणायचं होतं, तिला सोडायची संधी तरी कोणी दिली?

दादीचं शेवटी काय होतं ते सांगते. भाड्याच्या घरात ती अंथरुणाला खिळते. प्राण जात नाही. घरचे ओळखतात. सलीम अजमानीकडे जातो, अजमानी हो म्हणतो. मग पालखी आणतात आणि म्हातारीला तिच्या हवेलीत नेतात. नवरी म्हणून ती याच दारानं आली होती. आपल्याकडे भगवान पालखीत बसून घरातून बाहेर पडतात, ही पालखीत बसून आत येते. घर दुसऱ्याच्या नावावर आहे, अजमानीच्या घरची माणसं बाजूला उभी आहेत. ती डोळे उघडते, सगळीकडे एकदा बघते आणि तिथं प्राण सोडते.

सूनबाईनं लॅपटॉप मिटला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, आई, हे आपलं घर कोणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, ह्यांच्या. ती म्हणाली, आणि ह्यांच्यानंतर? मी उठून दुधाखालचा गॅस बंद करायला गेले.